होटगीचा सरहद्द-मुलूख व तेथील कागदांचें साल

सोलापूर, अक्कलकोट व इंडी या बाजूंचे जुने रुमाल संग्राहकांच्या हातीं अधूनमधून येतात. कागद मोडी असतो, वाचनही होतें. परंतु साल लावतांना घोटाळा होतो, आणि साल चुकलें म्हणजे राजवट चुकते. हा घोटाळा वाचकाच्या हलगर्जीपणाचा नसून मुलखाच्या घडणीचा आहे, असें आमचें मत आहे. म्हणून होटगी हें एकच ठिकाण मध्यबिंदु धरून त्या भोंवतालच्या मुलखाची हकीकत येथें देत आहों.

होटगी हा गांव सोलापुराच्या आग्नेयेस सुमारें ९ मैलांवर आहे. भोंवतालची जमीन काळी, पाऊस बेताचा व बेभरंवशाचा, मुख्य पीक रब्बीची ज्वारी. पश्चिमेकडून सीना व भीमा येतात आणि हत्तरसंग-कुडल येथें त्यांचा संगम होतो. या संगमावरील देवालयांत शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांच्या परिश्रमानें तो उजेडांत आला व मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. याच टापूंत बाराव्या शतकांत सिद्धरामांनीं कन्नड वचनें रचिलीं. होटगीच्या वीरशैव मठाच्या शिष्यशाखेंत आजही दोन्ही भाषा बोलणारीं कुटुंबें आहेत. तेव्हां येथील कागदांत मराठी मजकुराशेजारीं कानडी सही, किंवा ‘कुरगी’सारखें जमिनीचें कानडी माप आढळल्यास कागदाच्या खरेपणाविषयीं संशय घेण्याचें कारण नाहीं. कुरगी म्हणजे पाभर. तिच्या एका दिवसाच्या पेरणीवरून जमीन मोजण्याची ती रीत होय.

सरहद्दीचें भांडण येथें जुनें आहे. बहामनी राज्य मोडल्यावर सोलापूर व त्याखालील साडेपांच परगणे यांवर अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांचा वाद जुंपला. १५२४ त बुऱ्हाण निजामशहाचें लग्न इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशीं झालें, तेव्हां सोलापूर आंदण देण्याचें ठरलें होतें. तें दिलें गेलें नाहीं व त्यावरून पुढें लढाया झाल्या. तालिकोटच्या लढाईपूर्वीं चांदबिबीच्या लग्नांत हाच किल्ला उलट दिशेनें, म्हणजे विजापुराकडे, आंदण म्हणून गेला. १६६८ च्या तहानें तो मोंगलांस मिळाला आणि १६८६ त विजापूरच पडलें. नंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल व मराठ्यांची चौथ-सरदेशमुखी यांची दोअमली या बाजूस चालली. एकाच गांवावर दोन सरकारांचे दोन कारकून, दोन हिशेब व दोन सनें! साल लावण्याची खरी अडचण येथून सुरू होते.

निजामाच्या अंमलांतील कागद फसली किंवा हिजरी सनाचे, तर मराठ्यांच्या कमाविसदाराचे कागद बहुधा सुहूर सनाचे. सुहूर व फसली हीं दोन्ही सनें मुळांत हिजरीच्याच आंकड्यांवरून निघालेलीं आहेत. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें शेतसाऱ्याच्या कामीं गैरसोय होते. म्हणून हिजरीचा चालू आंकडा घेऊन त्यापुढें सौर वर्षें मोजण्याची युक्ति निघाली. सुहूर सनांत ही गांठ हिजरी ७४५ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १३४४ त, बांधली गेली. दक्षिणी फसलींत ती शहाजहानच्या कारकीर्दींत हिजरी १०४६, म्हणजे इ. स. १६३६ च्या सुमारास बांधली गेली. मधल्या २९२ सौर वर्षांत चांद्र वर्षें सुमारें ९ नें अधिक भरलीं. म्हणून एकाच दिवशीं फसलीचा आंकडा सुहूरपेक्षां ९ नें मोठा असतो. सुहूर सनांत ५९९ मिळविले असतां, फसलींत ५९० मिळविले असतां इसवी सन येतो. वर्षारंभ मृगाचा असल्यामुळें जानेवारीपासून मृगापर्यंत आणखी एक मिळवावा लागतो.

आतां समजा कीं रुमालांत नुसता ‘सन १२००’ एवढाच आंकडा आला. तो हिजरी असेल तर कागद १७८५-८६ चा, फसली असेल तर १७९०-९१ चा आणि सुहूर असेल तर १७९९-१८०० चा. पहिल्या दोन सालीं खर्ड्याची लढाई व्हावयाची आहे. तिसऱ्या सालीं ती होऊन चार वर्षें उलटलीं आहेत, सवाई माधवराव वारले आहेत आणि नाना फडणीस अखेरच्या आजारांत किंवा नुकतेच गेलेले आहेत. एवढ्या अंतरांत कोणत्या सरकारच्या हुकमानें इनाम चाललें हें ठरविणें म्हणजे त्या कागदाचा सगळा अर्थच ठरविणें होय.

पारख करण्याचीं साधनें कागदांतच असतात. सुहूर सन बहुधा अरबी शब्दांत लिहितात. ‘मयातैन व अलफ’ असें असलें तर तें १२०० सुहूर. फसली बहुधा आंकड्यांत येतो. ‘छ’ हें अक्षर चंद्राचें सूचक असून त्यापुढें मुसलमानी महिन्याची तारीख असते. परंतु ती सुहूर सनाबरोबरही येते, म्हणून केवळ रमजान किंवा सफर पाहून साल हिजरी समजूं नये. ही चूक आम्हीं छापील पुस्तकांतही पाहिली आहे. तिथि व संवत्सराचें नांव असल्यास काम सोपें होतें. वरील उदाहरणांत हिजरी १२०० चे पहिले महिने विश्वावसु संवत्सरांत, फसलीचे बहुतेक महिने साधारण संवत्सरांत आणि सुहूरचे सिद्धार्थी संवत्सरांत पडतात. वार दिला असेल तर मोडकांची जंत्री काढून ताळा पाहावा.

अक्कलकोटकडील कागदांत आणखी एक शक भेटतो. १७०७ त शाहू महाराज दक्षिणेंत परत येत असतां पारद येथील लोखंडे पाटलाचा मुलगा त्यांच्या पदरीं आला. तोच फत्तेसिंह भोसले, अक्कलकोट घराण्याचा मूळ पुरुष. संस्थान साताऱ्याच्या छत्रपतींचें, म्हणून तेथील जुन्या सनदांवर राज्याभिषेक शक असणें साहजिक आहे. तो शके १५९६ पासून, म्हणजे १६७४ पासून मोजतात. या घराण्याच्या आरंभाचे कागद पुण्याच्या शाहू दफ्तरांत शोधावे. १८४८ त सातारा खालसा झाल्यावर अक्कलकोट इंग्रजांचें मांडलिक झालें व सोलापूरचा कलेक्टर त्याचा पोलिटिकल एजंट म्हणून काम पाहूं लागला. १९४८ त संस्थान विलीन झालें.

सोलापूर १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोनें घेतलें. १८३८ त नगरच्या कलेक्टरीखालीं सोलापूरची पोटकलेक्टरी निर्माण झाली. तींत बार्शी, मोहोळ, माढें, करमाळें यांबरोबर इंडी, हिप्परगी व मुद्देबिहाळ हेही होते. म्हणजे त्या काळीं भीमा ही सरहद्द नव्हती! १८६४ त ही पोटकलेक्टरी मोडली व दक्षिणेकडील तालुके नव्या कलादगी जिल्ह्यांत गेले. त्या जिल्ह्याचें ठाणें १८८५ त विजापुरास आलें. सोलापूर जिल्हा पुढें पुन्हा उभा राहिला, पण भीमेपलीकडचा मुलूख त्यास परत मिळाला नाहीं. म्हणून इंडीकडील गांवाचे १८३८ ते १८६४ मधले कागद विजापुरास सांपडले नाहींत तर निराश न होतां सोलापुराकडे वळावें. नळदुर्गाची गोष्ट याहून चमत्कारिक. १८५३ त निजामानें तो जिल्हा इंग्रजांस दिला, मेडोज टेलर तेथें अधिकारी झाला, आणि १८६० त जिल्हा निजामास परत गेला. तेवढ्या सात वर्षांचे कागद इंग्रजी पद्धतीचे आढळतात व मागचेपुढचे निजामी धाटणीचे.

१८७१ पूर्वीच्या जर्मनींत लहान संस्थानांचे तुकडे एकमेकांच्या पोटांत शिरलेले असत, तसाच हा नकाशा होता. होटगीहून रायचूरकडे जाणाऱ्या गाडींत बसलें कीं इंग्रजी मुलूख सोडून अक्कलकोट संस्थान लागे आणि दुधनी मागें पडली कीं निजामाचा मुलूख. रायचूरपर्यंतची ही रुंद वाट १८७१ त पुरी झाली. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर होटगीहून विजापूरवरून गदगला मीटर मापाची वाट काढण्यांत आली व ती १८८४ त चालू झाली. रुळांचीं मापें निराळीं असल्यानें माल येथें उतरून पुन्हा भरावा लागे. हा फरक एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मिटला. तरी आजही होटगीपाशीं मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग व दक्षिण-पश्चिम रेल्वेचा हुबळी विभाग यांची शीव आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं विजापूर जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला आणि भीमेकांठीं राज्याची सरहद्द आली. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालांत महाराष्ट्रांतील जीं २४७ गांवें पलीकडे देण्याची शिफारस होती, त्यांत अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गांवें होतीं. ती शिफारस अंमलांत आली नाहीं. २००४ त महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. अशा वादांत दोन्ही बाजूंस जुन्या कागदांचा मोह पडतो. त्यामुळें साल बिनचूक लावणें हें केवळ हौशीचें काम राहत नाहीं.

१९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें गेलीं व घरोघरचे रुमाल निरुपयोगी ठरून रद्दींत जाऊं लागले. ज्यांच्या संग्रहीं या टापूंतील कागद असतील त्यांनीं रुमालाचा मूळ क्रम मोडूं नये, शिक्का वेगळा कापून विकूं नये, आणि सालाचा आंकडा इसवींत उतरतांना मूळ शब्द शेजारीं जसेच्या तसे लिहून ठेवावे. ज्या गांवचा रुमाल असेल त्या गांवचें नांव व तो ज्या घरांतून निघाला तें घर, एवढी टीप पाठीवर असली तरी पुढील वाचकाचें निम्में काम होतें.