रिसेट दाबून कार्ड चालेना, पण केबल काढून लावली की चालतं? भानगड इथे आहे

बोर्डाला वीज दिली, लाल दिवा लागला आणि पुढे काहीच नाही. मग रिसेट दाबायचं, परत दाबायचं आणि शेवटी ‘कार्ड गेलं’ म्हणून नवीन मागवायचं. रास्पबेरी पाय, ईएसपी३२ यांसारख्या बोर्डांवर प्रोजेक्ट करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. पण थांबा. सगळ्या केबल काढून परत लावल्यावर तेच कार्ड चालतंय का? चालत असेल तर ते फेकू नका.

विषय असा आहे की मेमरी कार्डात स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो आणि तो ठरलेल्या क्रमानेच जागा होतो. एसडी कार्डाला २.७ ते ३.६ व्होल्ट लागतात. तिथे पोचल्यावर किमान १ मिलिसेकंद थांबायचं, मग किमान ७४ क्लॉक पल्स द्यायचे, तेही ४०० किलोहर्ट्झच्या आतच. त्यानंतर पहिली कमांड. कार्ड एसपीआयवर जोडलं असेल तर या ७४ पल्सच्या वेळी चिप सिलेक्ट हाय हवी. एवढं करूनही कार्ड तयार व्हायला १ सेकंद घेऊ शकतं. त्याआधीच हात टेकणारा कोड एका कार्डावर चालतो, दुसऱ्यावर नाही.

आता रिसेटकडे येऊ. वेगवान यूएचएस कार्डं ३.३ व्होल्टवर सुरू होतात आणि बोर्डाने सांगितलं की सिग्नलसाठी १.८ वर उतरतात. तिथून परत यायला कुठलीही कमांड नाही, वीजच तोडावी लागते. रिसेट बटण मात्र प्रोसेसरला नव्याने सुरू करतं, काही बोर्डांवर कार्डाची वीज तशीच चालू राहते. म्हणजे प्रोसेसर ३.३ वर हाका मारतोय आणि कार्ड १.८ वर अडकलंय!

आणि वीज तोडायची म्हणजे खरोखर तोडायची. व्होल्टेज ०.५ च्या खाली जाऊन किमान १ मिलिसेकंद तिथे राहिलं पाहिजे. डेटा लाईनच्या पुल-अप रेझिस्टरमधून किंवा जोडून ठेवलेल्या सिरियल केबलमधून चोरवाटेने वीज येत राहते. त्यामुळे सगळ्याच केबल काढा, दहा सेकंद थांबा. मल्टिमीटर असेल तर कार्डाची ४ नंबरची पिन तपासा, वीज तिथेच येते. बोर्ड स्वतः बनवत असाल तर कार्डाच्या विजेवर एक स्विच ठेवा, रिसेटबरोबर तीही बंद होऊ द्या.

ईएसपी३२ची तऱ्हा वेगळी. कार्ड घातलं की बोर्डच सुरू होत नसेल तर जीपीआयओ १२ बघा. चार डेटा लाईनच्या जोडणीत तिथे पुल-अप लागतो, पण सुरू होताना ही पिन हाय दिसली की चिप आपल्या फ्लॅशला १.८ व्होल्ट देते. बहुतेक बोर्डांवरच्या फ्लॅशला ३.३ लागतात.

रास्पबेरी पायच्या स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसलं तर दोष चार्जरचा किंवा बारीक केबलचा. पाय ४ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात.

यातलं काहीच नसेल तर बोर्ड बंद करून कार्ड काढा आणि लॅपटॉपमध्ये घालून बघा. तिथेही दिसलं नाही तर मग नवीन घ्या.