टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस

इमारतीच्या बांधकामावर एवढी माणसे वावरत असतात की, तेथे कोणी एकाकी असेल ही कल्पनाच सहसा मनाला शिवत नाही. परंतु उंच क्रेनच्या कोठडीतील चालक, रात्रीचा पहारेकरी आणि टाकीत उतरलेला बिगारी हे त्या गजबजाटातही एकटेच असतात. त्यांतील तिसऱ्यावरचे संकट सर्वांत फसवे.

नव्या घराची पाण्याची किंवा मैल्याची टाकी बांधून झाली, वर काँक्रीटचा स्लॅब पडला, की काही दिवसांनी आतील सेंट्रिंगच्या फळ्या काढावयाच्या असतात. टाकी तर कोरी. मग भय कसले? भय असते ते आतल्या हवेचेच. तळाशी साचलेल्या पाण्यात लाकूड कुजू लागते आणि ही क्रिया कोंडलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू शोषून घेते. बाहेरच्या हवेत तो शेकडा २१ च्या आसपास असतो. शेकडा १० च्या खाली माणसाची शुद्ध हरपते. ६ च्या सुमारास काही मिनिटांतच प्राण जातो. धोक्याची जाणीव होईपर्यंत शिडी चढण्याचे बळ उरत नाही. हाकेला ओ येत नाही म्हणून दुसरा घाईने उतरतो व पहिल्याशेजारीच कोसळतो, पुष्कळदा तिसराही.

म्हणून टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य आत न उतरणे हे होय. ऐकावयास हे निष्ठुर वाटते खरे. पण उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा, पट्ट्याला दोर आणि वर तिपाईला कप्पी असेल, तर बेशुद्ध माणूसही बाहेरूनच ओढून काढता येतो. तत्पूर्वी सर्व झाकणे उघडून पंख्याने ताजी हवा सोडावी व मापकयंत्राने प्राणवायू पाहावा. कंदील सोडून पाहण्याची विहिरीवरची जुनी रीत येथे पुरत नाही. ज्योत तेवत राहिली म्हणून विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि वायू ज्वालाग्राही असल्यास ज्योतच घात करते.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली झालेल्या केंद्रीय कायद्याने दहा किंवा अधिक कामगारांची कामेच आपल्या कक्षेत घेतली होती. २०२० च्या संहितेनेही दहाचीच मर्यादा ठेवली. घरगुती टाकीवर मात्र मुकादम आणि दोन-तीन बिगारी एवढीच माणसे असतात. तेथे निरीक्षक फिरकत नाही. वर उभ्या राहणाऱ्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी मालकाने द्यावयाची की मुकादमाने, यावरच बहुधा घासाघीस चाललेली असते.