कपाशीचा कौल आणि योगायोग

यवतमाळ जिल्ह्यात, जेथे कोरडवाहू कपाशीचे उत्पन्न पावसाच्या लहरीनुसार आणि जमिनीच्या पोताप्रमाणे एकाच शिवारात धुऱ्यागणिक बदलते, तेथे नव्या वाणाने एखाद्या शेतात क्विंटलभर अधिक दिले एवढ्यावरून त्याची श्रेष्ठता सिद्ध झाली असे मानणे धोक्याचे आहे. हा विवेक शास्त्रशुद्ध रीतीने शिकविणारा ग्रंथ विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञांनी कृषिसंशोधकांसाठी लिहिला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तो १९५४ साली प्रसिद्ध केला.

समजा, एका विद्यार्थ्याने आठ शेतांत जुने व नवे बियाणे शेजारच्या तुकड्यांत, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवून, पेरले आणि सहा शेतांत नवे सरस ठरले. दोन्ही वाणांत भेद नाही, हे ‘शून्य गृहीतक’ प्रथम स्वीकारायचे. ते खरे असेल, तर प्रत्येक शेताचा कौल नाणेफेकीसारखा, आणि २५६ शक्यतांपैकी ३७ वेळा सहा किंवा अधिक शेते केवळ योगायोगाने नव्याच्या पदरी पडतील. हा संभव शेकडा चौदांहून अधिक, आणि रूढ मर्यादा पाचाची. सबब पुरावा अपुरा. सात शेते जिंकली असती, तर तोच संभव साडेतीनावर आला असता.

अपुरा पुरावा म्हणजे भेद नसल्याचा दाखला नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. म्हणून बियाण्यांच्या व्यापाऱ्याने नव्या वाणाची मोठी खरेदी तूर्त थांबवावी, विद्यार्थ्याने पुढील खरिपात शेते वाढवावीत, आणि भेद सिद्ध झाल्यावरही वाढीव कापसाच्या किमतीतून बियाण्याचा जादा खर्च निघतो का, याचा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे मांडावा.