सागरतळाच्या मातीतील पुरावा

पृथ्वीच्या प्राचीन हवामानाविषयी शास्त्रज्ञ जे सांगतात ते निव्वळ तर्कावर उभे असते, कारण त्या काळी तापमान मोजणारे कोणीच नव्हते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः सागरतळाच्या गाळात फोरॅमिनिफेरा नामक सूक्ष्म जीवांची जी चुनकवचे साचतात, त्यांतील प्राणवायूच्या जड व हलक्या समस्थानिकांचे प्रमाण कवच घडतेवेळी पाणी किती उष्ण होते यावर अवलंबून असते. भूपृष्ठावरील हिमसाठ्यांमुळेही हे प्रमाण बदलते, ही शंका रास्त आहे. परंतु पॅलिओसीन व इओसीन या कालखंडांच्या सीमेवर, म्हणजे सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पृथ्वीवर विस्तीर्ण हिमस्तर नव्हतेच, आणि म्हणूनच १९९१ साली केनेट व स्टॉट यांनी अंटार्क्टिकानजीकच्या गाळातून त्या काळच्या आकस्मिक तापमानवाढीचा जो दाखला दिला तो इतका निःसंदिग्ध ठरला.

२००३ साली दक्षिण अटलांटिकमधील वॉल्विस या सागरमग्न पर्वतश्रेणीवर ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने वेधन केले, तेव्हा चुनकवचांच्या फिकट गाळामध्ये त्याच तापमानवाढीच्या काळातील गडद चिकणमातीचा एक थर निघाला, ज्यात कवचे जवळजवळ नव्हतीच. कवचे नाहीत म्हणजे तेवढ्या मुदतीचे दफ्तर गहाळ झाले, असे कोणासही वाटेल; आणि माझ्या मते हाच गैरसमज सर्वांत विचार करण्याजोगा आहे, कारण येथे अभाव हाच पुरावा आहे. हवेत लोटलेला विपुल कर्ब समुद्राने शोषला, पाण्याची आम्लता वाढली, आणि ज्या खोलीखाली चुना टिकत नाही ती मर्यादा दोन किलोमीटरहून अधिक वर सरकल्याने कवचे विरघळून केवळ माती शिल्लक राहिली.

हवामान पूर्वीही बदलले, तेव्हा आज चिंतेचे कारण नाही, असे जे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते, त्याला या थराचा आधार मुळीच मिळत नाही. त्या वेळी पृथ्वी सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने तापली खरी. परंतु तो कर्ब बाहेर पडण्यास हजारो वर्षे लागली, आणि आज मनुष्य वर्षाला सुमारे १० अब्ज टन कर्ब ज्या वेगाने हवेत सोडतो त्याच्या एक-दशांशाच्या आसपासच तेव्हाचा वेग असावा, असा हिशेब निघतो. तेवढ्यानेही खोल समुद्रातील फोरॅमिनिफेरांच्या जातींपैकी एक तृतीयांश ते निम्म्या नष्ट झाल्या, आणि खडकांच्या झिजेतून निघालेले क्षार नद्यांनी समुद्रात वाहून नेऊन ती आम्लता निवळेपर्यंत व हवेतील अतिरिक्त कर्ब पुन्हा गाळात बद्ध होईपर्यंत एक लाखाहून अधिक वर्षे लोटली.