वालाच्या वेलाचे घड्याळ

माळशेज घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात वैशाखरे हे गाव आहे. पाऊस ओसरला की येथील परसबागांना खरा बहर येतो. मांडवावर दुधी आणि शिराळी लोंबू लागतात, कुंपणालगत झेंडू फुलतो. आमचे एक शिक्षक मित्र बदलीवर येथे आले. भाड्याच्या घराच्या परसात त्यांनी जूनमध्ये वालपापडी लावली. वेल पानांनी गच्च झाला, पण सप्टेंबर सरत आला तरी एक फूल नाही. त्यांनी युरिया घातला. पाने आणखी वाढली. शेवटी ते वेल उपटायला निघाले, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘गुरुजी, थांबा. वाल दिवाळीशिवाय धरत नाही.’’

आजींचे म्हणणे बरोबर होते. पण वेलाला दिवाळी कशी कळते?

थंड देशांत शरद ऋतूत बागेची मुदत ठरवते ते पहिले हिमतुषार. निरभ्र, निवांत रात्री पाने आपली उष्णता आकाशाकडे टाकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यांचे तापमान शून्याखाली गेले की पानांवर बर्फाचे कण धरतात. पानाच्या आतही पेशींच्या बाहेर बर्फ होतो, तो पेशींतील पाणी ओढून घेतो आणि कोवळी पाने काळी पडतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात. वैशाखऱ्यात दव पडते, पण ते गोठत नाही. शिवाय दसऱ्याच्या सुमारास दुपारी ऊन चांगलेच तापते. म्हणजे वेलाला थंडीवरून ऋतू कळत असेल, असे म्हणता येत नाही.

मग बदलते काय? दिवसाची लांबी. येथे जूनअखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर डिसेंबरअखेरीस सुमारे अकरा तासांचा. हा फरक वनस्पती ओळखतात, हे अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी 1920 साली दाखवून दिले. उन्हाळ्यात न फुलणारी तंबाखूची एक जात त्यांनी रोज काही तास अंधारात ठेवली. दिवस असा ‘लहान’ होताच ती फुलली. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून कळले, की वनस्पती खरे तर रात्र मोजतात. दीर्घ रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी अशा वनस्पतीचे फुलणे अडते. हा उजेड ओळखणारे पानांतील रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम.

वालाच्या पारंपरिक जाती अशाच ‘लहान दिवसांच्या’ आहेत. पावसात फुले झडण्याचा धोका टळतो, जमिनीतील ओलीवर शेंगा भरतात आणि बी कोरड्या हवेत पिकते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ या जाती मात्र दिवसाच्या लांबीची वाट पाहत नाहीत.

हे शाळेत पडताळून पाहता येईल. गावातलेच जुने बी दोन कुंड्यांत लावावे. रोपे चांगली वाढली की जुलैत एका कुंडीवर रोज संध्याकाळी 5 ते सकाळी 7 खोके पालथे घालावे. उजेड आत शिरू नये, पण हवा खेळती राहावी. दुसरी कुंडी उघडीच ठेवावी. कोणत्या रोपाला आधी कळ्या येतात, याची तारीखवार नोंद मुलांनी ठेवावी. परसातल्या वेलाजवळ रात्रभर विजेचा दिवा जळत असेल, तर त्या बाजूच्या फांद्यांकडेही लक्ष द्यावे.

आमच्या मित्रांनी वेल ठेवला. दिवाळीनंतर आम्ही गेलो, तेव्हा मांडवावर जांभळे तुरे डुलत होते आणि खाली आजी पहिल्या शेंगा खुडत होत्या. काही शेंगा मात्र त्यांनी मुद्दाम वेलावरच राखल्या. त्या बियाण्यासाठी होत्या.