पाऊणकीचा हिशेब आणि कोनची खाडी

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की खाडीपलीकडचं पहिलं गाव म्हणजे कोन. इथे उल्हास नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. भरती लागली की पाण्यावरची जलपर्णी आधी थबकते आणि मग उगमाच्या दिशेने सरकू लागते. वसईच्या मुखाशी आत शिरलेली भरतीची लाट खाडीच्या वळणावळणाने चाळीसएक किलोमीटर चालत इथपर्यंत पोहोचलेली असते. ही लाट उठवण्यात मुख्य हात आहे तो पावणेचार लाख किलोमीटरवरून जाणाऱ्या चंद्राचा. प्रयोग म्हणजे काय, मोजमाप म्हणजे काय, हे शिकायला कोनच्या मुलांना याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळणार?

प्रयोगाला आधी एक दावा लागतो. तो आपल्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या तयार आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला तिथी पंधरावी, तेव्हा सव्वा अकरा. ज्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ होती त्यांना कागदाचीही गरज नव्हती. या नियमावर होड्या लोटल्या गेल्या, जाळी लागली, बंदरं चालली. मला त्याचं सगळ्यात जास्त मोल वाटतं ते यासाठी की तो आकडा सांगतो. ‘चंद्राचा समुद्रावर परिणाम होतो’ एवढंच म्हणणारा माणूस कधी चुकत नाही, म्हणून त्याच्याकडून शिकायलाही फारसं काही मिळत नाही. ‘आज तीन वाजता’ म्हणणारा चुकू शकतो, आणि तपासणीची सोय तिथेच होते.

खाडीवर जाण्याआधी घरी बसूनच हा नियम जरा दाबून पाहू. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतराचा बारा अंशांचा टप्पा. अशा तीस तिथ्यांत चंद्र सूर्यापासून निघून पुन्हा त्याला गाठतो आणि तेवढ्यात भरतीची वेळ पुढे सरकत सरकत पूर्ण २४ तास फिरते. २४ तासांची मिनिटं १४४०. त्यांना तीसने भागलं की एका तिथीला बरोबर ४८ मिनिटं येतात. पाऊणपट करून आपण धरतो ४५. तीन मिनिटांचा हा फरक रोज साचत जातो आणि पंधराव्या तिथीला पाऊण तासाचा होतो. नियमातच त्याची खूण सापडते: पौर्णिमेला सव्वा अकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण! एका दिवसात दीड तासाची उडी, जी समुद्र कधीच मारत नाही. पाच भागांतले चार भाग धरले असते तर पंधराव्या तिथीला नेमके बारा आले असते आणि प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस. सांधा दिसलाही नसता. पण चार-पंचमांशाची पाढ्यांत सोय नव्हती, पाऊणकीची होती. होडी लोटणाऱ्याला अर्ध्या-पाऊण तासाने बिघडत नव्हतं, म्हणून त्याने सोपा आकडा पत्करला. किती अचूकता हवी हे कामावरून ठरवायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता दुसरी शंका, जी मला फार आवडते. हे सव्वा अकरा कुणाच्या घड्याळातले? नियम जुना आहे आणि भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली. त्याआधी दुपारचे बारा म्हणजे सूर्य डोक्यावर. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आणि कोन आहे ७३.१ च्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे कोनच्या आकाशात सूर्य मध्यावर येतो तो घड्याळात सरासरी बारा वाजून ३८ मिनिटं झाल्यावर. नियम सूर्याच्या घड्याळाचा असेल तर मोबाइलवरच्या वेळेत ही ३८ मिनिटं मिळवायला हवीत.

तिसरी शंका खास कोनची. नियम किनाऱ्यावर घडला, आपण आहोत खाडीच्या आत. भरती ही लांबच लांब लाट असते आणि उथळ पाण्यात तिचा वेग खोलीवर ठरतो: खोलीला गुरुत्व-त्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. खाडी सरासरी पाच मीटर खोल धरली तर गुणाकार ४९, वर्गमूळ ७. सेकंदाला सात मीटर. या वेगाने चाळीस किलोमीटर यायला सुमारे ९५ मिनिटं लागतात. म्हणजे आधीची ३८ मिनिटंही धरली तर पौर्णिमेची सव्वा अकराची भरती कोनला घड्याळाच्या दीडला यावी! पाच मीटर हा अंदाजच आहे, पण चालेल. अंदाज आधी आणि माप नंतर, हा क्रम मात्र मोडायचा नाही. माप घेतल्यावर लिहिलेलं भाकीत नकळत मापाच्या कलाने झुकतं.

मोजायचं कसं? घाटाच्या किंवा धक्क्याच्या पक्क्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. पाणी हलतं, खूण नीट वाचता येत नाही, म्हणून खांबाला तळाशी बारीक भोकं पाडलेला पारदर्शक पाइप बांधा. पाइपातलं पाणी लाटांनी फारसं नाचत नाही, तरी भरतीबरोबर चढतं. मुंबईत अपोलो बंदरच्या भरतीमापकाचीही मूळ कल्पना हीच: विहिरीसारख्या आडोशातलं शांत पाणी आणि त्यावर तरंगणारा फ्लोट.

खरी अडचण पुढे आहे. पूर्ण भरतीला पाणी थोपतं आणि बराच वेळ हलल्यासारखं वाटतच नाही. मग नेमकी वेळ कोणती धरायची? इथे एक जुनी, सुंदर युक्ती कामाला येते. माथ्याच्या थोडी खालची खूण निवडा. समजा, पाणी चढताना तिला १ वाजून ५ मिनिटांनी लागलं आणि उतरताना १:५१ ला पुन्हा तिथे आलं. मध्य काढा: १:२८. जो क्षण डोळ्यांना पकडता येत नव्हता तो दोन सहज पकडता येणाऱ्या क्षणांच्या मधोमध सापडला. खूण फार खालची मात्र घेऊ नका, कारण उथळ खाडीत भरती लवकर चढते आणि ओहोटी रेंगाळते, त्यामुळे मध्य सरकतो. दोघांनी वाचन घ्यावं, एकमेकांचा आकडा न पाहता. दोघांत दोन मिनिटांचा फरक पडला तर आपलं माप दोन मिनिटांइतकंच बारीक आहे, हे वहीत लिहावं.

आणि मग रोजचा फरक मांडा: मोजलेली वेळ वजा पाऊणकीची वेळ. माझ्या मते सगळी गंमत या रकान्यात आहे, कारण प्रत्येक चुकीला आपला असा चेहरा असतो. फरक रोज सारखाच आला तर तो घड्याळाचा आणि अंतराचा. तिथीमागे तीन-तीन मिनिटांनी वाढत जाऊन प्रतिपदेला धपकन खाली आला तर ती ४५ आणि ४८ ची तफावत. याखेरीज तिसरा, लाटेसारखा चेहराही दिसू लागेल: उधाणाच्या दिवसांत भरती रोज ४८ मिनिटांपेक्षा कमीने सरकते, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपास जास्तीने. ते काम सूर्याचं. भरती उठवण्याची त्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी आहे आणि तो कधी चंद्राच्या बाजूने ओढतो, कधी आडवा. रंगवलेल्या खांबावर कोनच्या मुलाला सूर्याची ओढ वाचता येते!

फरकाकडे पाठ फिरवली की मोठमोठे फसतात. प्रयोगशील विज्ञानाचा पाया घालणाऱ्या गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या ग्रंथात भरती पृथ्वीच्या हालचालींमुळे येते असं मांडलं आणि चंद्राचं नाव घेणाऱ्या केप्लरला नावं ठेवली. त्याच्या उपपत्तीप्रमाणे दिवसाला एकच भरती यायला हवी होती. येत होत्या दोन. त्याने दोष समुद्राच्या आकारावर आणि खोलीवर ढकलला.

उलट ज्यांनी नुसतं मोजत राहायचं ठरवलं त्यांच्या पदरात काय पडलं पाहा. अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. तिथे पाणी एका दिवसात काही मीटर वर-खाली होतं. तरी शतकभराच्या नोंदींतून विसाव्या शतकात मुंबईचा समुद्र सरासरी वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने चढत होता, हे वेगळं काढता आलं. इतकी हळू चाल कोणत्याही एका दिवसाच्या वाचनात दिसली नसती.

पावसाळ्यात खाडीवर जाऊ नका. पुराचं पाणी धोक्याचं असतं, शिवाय नदीचा लोंढा आणि भरती एकमेकांत मिसळून कारणं वेगळी करता येत नाहीत. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत बलिप्रतिपदेला करा, घरातलं मोठं माणूस सोबत घेऊन, आणि निदान त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत एकही दिवस चुकवू नका. बलिप्रतिपदेला पाऊणकी सांगेल पाऊण वाजता. तुमचा आकडा आदल्या रात्रीच वहीत लिहा, पेनने.