छपाईच्या पोटातलं डिझाइन : अमरावतीच्या छोट्या स्टुडिओंची तीस वर्षं

राजकमल चौकातून जयस्तंभाकडे निघालं, की चार-दोन दुकानांआड एक पाटी दिसायची: 'डीटीपी, स्क्रीन प्रिंटिंग, लग्नपत्रिका, स्टिकर'. त्या पाटीवर 'डिझाइन' सहसा नसायचं. असलंच तर अगदी शेवटी, 'इत्यादी'च्या अलीकडे. नव्वदीच्या मध्यापासून मी या धंद्यात आहे. आमची कामाची रीत, पोरांना शिकवायची पद्धत आणि पैशाचा हिशेब, सगळं त्या पाटीनंच ठरवलं. आम्ही डिझाइन करत होतो आणि छपाई विकत होतो. आमची भरभराट यातूनच झाली आणि पुढची फरफटही.

संगणक यायच्या आधी हे काम दोघांत वाटलेलं होतं. भिंत आणि पाटी पेंटरची, कागद छापखान्याचा. कंपोझिटरच्या पेटीत जे खिळे असतील, त्यातच पत्रिका बसवावी लागे. पेंटर मात्र अक्षर स्वतः काढायचा. मुंबईच्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवणारे पेंटर मी पाहिले आहेत. त्यातली कितीतरी शीर्षकं कमल शेडगे यांच्या हातची असत. नाटकाचा स्वभाव त्याच्या नावाच्या अक्षरांतच दाखवता येतो, हे वऱ्हाडातले अनेक हात शेडग्यांना न भेटताच त्यांच्याकडून शिकले.

मग पेजमेकर आणि कोरल ड्रॉ आले, आणि मराठी फॉन्टसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी. एक खोली, एक संगणक, एक लेझर प्रिंटर आणि मागे स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, एवढ्यावर स्टुडिओ उभा राहायचा. माणसंही ठरलेली: गिऱ्हाइकाशी बोलणारे मालक, टाइप करणारी ताई, ले-आउट लावणारा आणि स्क्वीजी ओढणारा पोऱ्या. टायपिंगची सरकारी परीक्षा पास झालेल्या कितीतरी मुलींना घराजवळचं, मानाचं पहिलं काम या खोल्यांनी दिलं. चार रंगांचं काम आलं, की फिल्मसाठी नागपूर गाठायचं. सकाळी निघायचं, फिल्म हाती येईपर्यंत तिथंच बसायचं आणि रात्री ती गुंडाळी जपत परतायचं.

वऱ्हाडाचं ऊनही कामात लुडबुड करायचं. ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की शाई जाळीतच वाळायची. कूलर लावावा तर ओलाव्यानं कागद वाकायचा आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसायचा नाही. म्हणून छपाई पहाटे आणि ले-आउट दुपारी, अशी पाळी पडून गेली. २००५ नंतरच्या भारनियमनानं त्या पाळीचेही तीनतेरा वाजवले. वीज जाण्याच्या वेळा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेल्या असत. यूपीएस ओरडायला लागला की हातातलं सेव्ह करायचं आणि गिला वडा खायला बाहेर पडायचं. कोणतं अक्षर कुठं शोभतं, रंग कुठं जास्त झाला, यावरच्या आमच्या खऱ्या चर्चा त्या बिनविजेच्या तासांत झाल्या.

या कामाची कसोटी प्रूफला लागायची. लग्नपत्रिकेचं प्रूफ एकट्यानं वाचायचं नाही, हा सगळ्यांचा नियम. एकानं गिऱ्हाइकाच्या हातचा कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रिंटवर पेन्सिल फिरवायची. 'चि. टिंब, सौ. कां. टिंब, कै. आहे, कंस बंद' असं चिन्हांसकट वाचन चालायचं. मग तारीख, वार, तिथी कॅलेंडरशी लावून पाहायची. त्यानंतर नावांचा क्रम. वर शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो, खाली काका, मामा, आत्या आणि ज्याचं त्याचं गाव. अंजनगावचा धाकटा मामा दर्यापूरच्या थोरल्याच्या वर गेला, की लग्नघरात रुसवे सुरू. हयात माणसाला 'कै.' लागलं तर त्याला माफी नाही. शेवटी कोपऱ्यात गिऱ्हाइकाची सही. इतकं झाल्यावरच काम पुढे जायचं. पाच रुपयांच्या कागदावरचा मजकूर एखाद्या घराची अब्रू असतो, हे पोरांना या वाचनातून कळायचं.

दुसरा धडा फॉन्टचा. श्री-लिपीतलं काम ती नसलेल्या संगणकावर उघडलं, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. म्हणून छापखान्याची सूचना ठरलेली: 'कर्व्ह करून पाठव.' कर्व्ह केलं की अक्षराची रेघ होते, मग त्यात ऱ्हस्व-दीर्घही बदलता येत नाही. रात्री अकराला फोन यायचा, 'भाऊ, काकाचं नाव राह्यलं!' तेव्हा मूळ फाइल जपून ठेवणाराच तरायचा. मूळ वेगळी, कर्व्ह वेगळी, ही शिस्त पोराला पहिल्याच आठवड्यात लावली जाई.

पुढे युनिकोड आलं. र. कृ. जोशी यांचा 'मंगल' फॉन्ट विंडोजमधून घरोघरी पोचला, पण तो घडवणाऱ्याचं नाव थोड्यांनाच ठाऊक झालं. २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा शासन निर्णय निघाला आणि देठाचा श, पाकळीचा ल अधिकृत ठरले. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढताना मात्र रफार उडायचे आणि 'वऱ्हाड'मधला अर्धा र हमखास बिघडायचा. फ्लेक्सवर 'वर्हाड' पाहून ज्याला चैन पडत नाही, तो पोरगा या कामाचा, अशी आमची पारख होती.

पत्रिकांच्या खालोखाल काम शेतीचं. शेजारच्या अकोल्यात बियाणं महामंडळाचं, म्हणजे महाबीजचं, मुख्यालय आहे, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि भोवती बियाणं, खतं, औषधं यांचा मोठा बाजार. खरिपाच्या तोंडावर पिशव्या, लेबलं, माहितीपत्रकं यांची झुंबड उडायची. कीटकनाशकाच्या लेबलावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: सर्वांत जहाल लाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा रंग कायद्यानं बांधलेला आहे. तरी गिऱ्हाईक म्हणायचं, 'लोगो मोठा घ्या, ते खालचं जरा बारीक करा.' तिथं 'नाही, हे जमणार नाही' म्हणणारं वडीलधारं माणूस ज्या स्टुडिओत होतं, तो स्टुडिओ मी चांगला मानतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणं अनेक होती. पण बांधावर, उन्हात, औषध हातात घेऊन उभ्या माणसाला आपण केलेलं माहितीपत्रक वाचता येईल का, हा प्रश्न त्यानंतर आमच्यातल्या अनेकांच्या डोक्यातून गेला नाही.

एवढी जबाबदारी ज्या कामात, त्याचा मोबदला काय? गिऱ्हाईक यायचं, चहा घ्यायचं आणि विचारायचं, 'हजाराचे किती?' त्या दरात कागद, शाई, छपाई आणि डिझाइन सगळं आलं. वेगळे पैसे मागितले की उत्तर तयार: 'भाऊ, कागदाचे देतो, छपाईचे देतो, आता डिझाइनचे कायले? ते तं कॉम्प्युटर करते!' आम्ही धंदा म्हणून वाद घातला नाही. छपाईत सुटत होतं, म्हणून डिझाइन फुकट देणं परवडत होतं. शेजारी फुकट देतो म्हणून आपणही, असं करत सगळ्या गावाचा तोच दर झाला. झळ बसली ती पोरांना. रात्र जागून बोधचिन्ह करणाऱ्याचा पगार किती रिम कागद खपला यावर ठरायचा. हात तयार झाला की पोरगा पुण्याचा रस्ता धरायचा. तिथं एलिफंट डिझाइनसारखी संस्था १९८९ पासून फक्त डिझाइनवर उभी होती. जाणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

फ्लेक्स आल्यावर तर दर चौरस फुटावर आला. दहा बाय वीसच्या फलकावर काय लिहायचं, कसं मांडायचं, याला किंमत नाही. कापड किती गेलं याला आहे. पेंटरच्या हातचं अक्षर दुकानांवरून उतरलं. वाढदिवसाचे फलक दोन तासांत व्हायला लागले, फोटोंची संख्या वाढली आणि मजकूर वाचायला कुणी उरलं नाही. अवैध फलकबाजीवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये सविस्तर निकाल दिला, पण आमच्या धंद्यानं त्याकडे सुधारणेची संधी म्हणून पाहिलं नाही. वेगाची सवय लागली होती.

त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला. व्यापाऱ्यांच्या पक्क्या बिलात वस्तू आणि सेवा आपापल्या कोडखाली लिहायची वेळ आली. डिझाइन सेवेवर १८ टक्के आणि छपाईचे दर वेगळे. आपण नक्की काय विकतो, हा प्रश्न पहिल्यांदा कागदावर उभा राहिला. बहुतेकांनी तेव्हाही छपाईच्या ओळीतच सगळं घातलं.

आणि मग छपाईच गेली. पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरायला लागल्या होत्याच, मार्च २०२० च्या टाळेबंदीनं उरलेल्या लग्नांच्याही पत्रिका थांबवल्या. अमरावतीच्या वाट्याला फेब्रुवारी २०२१ मध्ये, राज्यात सगळ्यात आधी म्हणावं असं, पुन्हा लॉकडाउन आलं, तेही लग्नाच्या हंगामात. नोव्हेंबर २०२१ मध्ये शहरात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं आणि ऑनलाइन चाललेलं कामही ठप्प झालं. छपाई नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकानं मोबाइलवर पाठवायचं नुसतं चित्र मागितलं. त्याचे पैसे किती, हे सांगायला आमच्याकडे दरच नव्हता. वीस-पंचवीस वर्षं जे फुकट दिलं, त्याची किंमत एका रात्रीत कशी सांगणार? कितीतरी चांगल्या खोल्यांना त्या दोन वर्षांत कुलूप लागलं.

जे टिकले, त्यांच्याकडे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. नागपूर रस्त्यावरच्या बिझीलँड, सिटीलँडमधल्या कापड व्यापाऱ्यांच्या खोक्यांचं आणि लेबलांचं काम त्यांच्याकडे आहे. वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं पॅकिंग आहे, मेळघाटातल्या पर्यटनाची माहितीपत्रकं आहेत. ते छपाई बाहेर करून घेतात आणि डिझाइनचं बिल वेगळं करतात. प्रूफ अजूनही दोघांनी मिळून वाचतात. कॅन्व्हावर कुणालाही तयार साचा मिळतो, पण दर्यापूरचा थोरला मामा कुठं घ्यायचा आणि लेबलावरचा लाल रंग का फिका करायचा नाही, हे साचा सांगत नाही. ते जाणणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक आज पैसे देतंय, हा माझा अलीकडच्या वर्षांतला अनुभव आहे.

या तीस वर्षांवर माझं मत विचाराल तर असं आहे: अमरावती-अकोल्यात हात कमी नव्हते, नजर कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. आम्ही आमच्या कामाचं नाव बिलात लिहिलं नाही आणि त्याची किंमत पुढच्या पिढीनं गाव सोडून मोजली. आज जे तरुण-तरुणी इथंच स्टुडिओ थाटत आहेत त्यांना सांगणं एवढंच, की पहिल्या बिलापासून डिझाइनची ओळ वेगळी लिहा, रक्कम लहान असली तरी लिहा, आणि शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यापासून पगार द्या. आणि व्यापारी, शाळा, मंडळं, लग्नघरं, जे जे आमच्याकडे काम घेऊन येतात त्यांना विनंती, की ती ओळ खोडायला लावू नका.